मेलेला मोहल्ला जिवंत करताना

३ फेब्रुवारी

मिळालं एकदाचं! भिलाईतल्या खुर्सीपारचा मिलिंद मोहल्ला, तीनशे बारा घरं, आणि त्याच्या पुनरुज्जीवनाचा प्रमुख कोण, तर अस्मादिक. एकोणीस वर्षं दुसऱ्यांचे नकाशे रंगवले, आता हा मोहल्ला माझ्या नावावर. म्हणून ही नवी डायरी. उद्या कोणी या प्रयोगावर पुस्तक लिहायला बसलंच तर त्या बिचाऱ्याला शोधाशोध नको.

सकाळी अकराला रायपूरहून गाडीने पोचलो. उतरलो आणि जागीच थबकलो. पोलाद कामगारांची दाट वस्ती, भिंतीला भिंत, आणि आवाज म्हणून नाही! भाजीवाला ठेला ढकलत होता, पण ओरडत नव्हता. खिडकीसमोर थांबायचा, फुलकोबीचा एक गड्डा वर धरायचा, आतून बाई मान हलवायची, की हा पुढे. नळावर बायका कुजबुजत होत्या. एक पोरगी खळखळून हसली तर आईने पदरानेच तिचं तोंड दाबलं. मेलेली वस्ती म्हणतात ती आज या डोळ्यांनी पाहिली.

दर दोन-तीन घरांआड एक दार बंद, आणि बंद दाराच्या कडीला लाल चिंधी. मी स्वतः मोजल्या. एकशे सव्वीस. म्हणजे चाळीस टक्के घरं ओस! अहवालाचं पहिलं वाक्य तिथेच सुचलं.

आमच्या टीममध्ये याच मोहल्ल्यातली पायल सुखदेवे आहे. समाजकार्याची पदवी घेतलेली, लोकांशी बोलायला म्हणून ठेवलेली. ती म्हणाली, "सर, ओस नाई आहेत ती घरं. चिंधी म्हणजे आत नाईटवाला झोपून आहे. रात्री दहा ते सकाळी सहा ड्यूटी करून आलेला. मशीनवर आदमी काम करत असला की स्विचले लाल टॅग लावतात ना, कोणी चालू नको करा म्हणून? बस, वैसा ही. चिंधी दिसली की कोणी कडी वाजवत नाई, मोठ्यानं बोलत नाई. माझ्या आजोबाच्या टाइमपासून आहे हे."

मी ऐकून घेतलं. पोरगी हुशार आहे, पण आतल्या माणसाला आतलं दिसत नाही. दाराला लाल चिंधी म्हणजे नजर, बाधा, असलंच काहीतरी. तसं बोललो तर म्हणते, "सर, आम्ही बौद्ध आहोत. नजर-बिजर आमच्यात नाई चालत." मी विषय वाढवला नाही. टिपणात मात्र 'लोकश्रद्धा' असंच लिहिलं.

४ फेब्रुवारी

रात्री पुन्हा डोळ्याला डोळा नाही. आमच्या सोसायटीमागे लग्नाचं लॉन आहे, त्यांचा डीजे थांबला की कुत्री सुरू होतात. मीनल कुशीवर वळून म्हणाली, "अहो, तिकडचा मोहल्ला जिवंत करून राहिले तुम्ही, तर जाता जाता हे मागचं लॉन थोडं मारता येते का पाहा." सौभाग्यवतींना माझ्या कामाची थट्टा करण्यापलीकडे उद्योग नाही.

१० फेब्रुवारी

मोहल्ल्यातच साइट ऑफिस घेतलं. मालकीण गयाबाई. पंच्याहत्तरीची, नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचलेली, आणि सबंध मोहल्ल्याची बिनपगारी हवालदार. जन्म भंडाऱ्याकडचा, नवऱ्यामागे इथे आली ती इथलीच झाली. खोली देताना अटी काय, तर खुर्चीच्या पायांना ट्यूबचे तुकडे बांधायचे, फोन मुका ठेवायचा, आणि दार लावताना हात आडवा घालायचा.

"कावून पण?" 'का' म्हणायच्या ऐवजी माझ्या तोंडून निघूनच गेलं. आमच्या आजीची बोली, रागात कधीकधी जिभेवर येते.

ती खूश झाली. "हा! आपलाच माणूस दिसते की. अरे भाऊ, पलीकडच्या खोलीत पायलचा बाप झोपते. प्रेमानंद. क्रेनवाला. त्याची झोप मोडली तर तिकडे रोलिंग मिलमध्ये कोणाचं काय मोडन, काही भरवसा नाई."

असो. म्हातारीच्या डोक्याला कोण लागणार? ट्यूब बांधली.

जेवणानंतर सतरंजीवर पाठ टेकली आणि सांगायला लाज वाटते, तीन तास मेल्यासारखा झोपलो. किती महिन्यांनी! उठलो तर पाच वाजत आले होते आणि बाहेर दाराला गयाबाईने लाल चिंधी बांधली होती. समाजाने मला स्वीकारलं याचा हा पुरावा. फोटो काढून क्लायंटच्या साहेबांना पाठवला.

१२ फेब्रुवारी

आज आणि काल सकाळी दहा ते दुपारी एक चौकातल्या मोकळ्या जागेत माणसं मोजली. पायलने विचारलं, "सर, दोनपर्यंत थांबू या ना. दोनला फर्स्ट शिफ्ट सुटते. मग पाहा कशी गर्दी होते. अन् संध्याकाळी तर बसायले जागा नाई भेटत." मी समजावलं की मोजणीची एक पद्धत असते, ती सबंध देशात सारखी आहे. तुमच्या मोहल्ल्यासाठी घड्याळ वेगळं लावायचं का? तिने मोजणीची वही उघडली.

निष्कर्ष: पुरुष तीन, त्यांपैकी एक मी.

१५ फेब्रुवारी

साहेबांपुढे सादरीकरण झालं. पहिल्याच स्लाइडवर रिकामा चौक, बंद दारं, मथळा 'एक वस्ती जी श्वास विसरली'. साहेब तीन मिनिटं स्लाइडकडे बघत राहिले. म्हणाले, "अच्युतजी, दिल को लग गया." माझी योजना मंजूर! नाव 'जागर'. चौकात रंगीत फरशी, बाक, चहाची टपरी, आणि सकाळी नऊ ते तीन रोज जिवंत कार्यक्रम: ढोल, गाणी, घोषणा, स्पर्धा. नऊ ते तीनच का, तर तपासणीच्या टीम त्याच वेळात येतात. कोणी संध्याकाळी सातला तपासणीला आल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

१९ फेब्रुवारी

लोकसहभागाची बैठक. वेळ सकाळी अकरा. अकरा बायका, गयाबाई, आणि उशिराने डोळे चोळत एक माणूस आला. उंच, हडकुळा, लुंगीवर स्वेटर. हाच प्रेमानंद, पायलचा बाप. सगळ्यांना जय भीम केला, मला हात जोडले, आणि उभ्यानेच बोलला.

"साहेब, मी बावीस साल झाले क्रेन चालवून राहिलो. कायम नाईट. वर केबिनमध्ये एकटा असतो. हुकाले दहा-बारा टन माल लटकते अन् त्याच्या खाली तेरा माणसं काम करतात. ते वर पाहत नाईत. त्याईले माहीत हाय, प्रेमानंद वर हाय. आजवर एकाचं बोट नाई चेंगरलं माझ्या हातून. तर तुमचं जे ढोल-बिल हाय ते करा, बापा, मी नाई म्हणत नाई. फक्त नऊ ते तीन सोडून द्या. तीनच्या पुढं तुम्ही म्हणाल तर मी येऊन नाचतो."

बायका हसल्या, तेही तोंडावर हात ठेवून. मी त्याला म्हटलं, प्रेमानंदजी, तुमची भावना पोचली. पण शहर म्हणजे एका माणसाची झोप नव्हे. दीड हजार लोकांच्या जागण्याचा प्रश्न आहे. टाळ्या पडतील वाटलं होतं, पडल्या नाहीत.

गयाबाई म्हणाली, "दीड हजार लोकं रोज सकाळी उठतातच ना, भाऊ. त्याईले कोण उठवून राहिलं?"

याला म्हणतात बदलाची भीती. इतिवृत्तात तसंच टाकलं. खाली सगळ्यांच्या सह्या घेतल्या, 'सहभाग' या शीर्षकाखाली.

२० फेब्रुवारी

खरं लिहायचं तर काल रायपूरला जाताना सारखा तो हुक डोळ्यांपुढे येत होता. तेरा माणसं म्हणे वर पाहत नाहीत. वेळ बदलता आली असती का? आली असती. साहेबांना सांगितलं असतं तर ते म्हणाले असते, मग आधी का नाही विचार केलात? आणि मग 'प्रमुख' शब्द पुन्हा कोणा दुसऱ्याच्या कार्डावर. मीनलला विचारलं. ती वह्या तपासत होती, मान वर न करता म्हणाली, "त्यानं तर साधी गोष्ट सांगतली. तुम्हालेच कठीण वाटून राहिली." बायकोला विचारू नये हेच खरं.

२६ फेब्रुवारी

आज झक्कास कल्पना सुचली! जागरला ओळख हवी होती, चिन्ह हवं होतं, आणि ते समोरच लटकत होतं. लाल चिंधी! स्थानिक परंपरेतून आलेलं, स्वस्त, फोटोत उठून दिसणारं. चारशे मीटर लाल कापड मागवलं. तीनशे बारा दारांना, सगळ्या खांबांना, नळाला, टपरीला, झाडांना बांधायचं. घोषवाक्य: 'एक धागा, एक मोहल्ला'.

पायलला सांगितलं तर तिने विचारलं, "सर, सगळ्याच दाराले बांधली तर झोपलेला कोण अन् जागा कोण, कसं समजंल?"

मी म्हटलं, पायल, चिन्हं अशीच मोठी होतात. अर्थ मागे पडतो, सौंदर्य उरतं. हे वाक्य मला स्वतःलाच फार आवडलं.

३ मार्च

उद्घाटन. राग मावळलेला नाही, तरी लिहितो.

ढोलपथक रिसालीचं, त्याचा म्होरक्या बबलू. दहाला मी इशारा केला, पोरांनी ढोल बडवायला घेतले, आणि आवाज काय, तर धप्प, धप्प. गादी झोडपल्यासारखा. जाऊन पाहतो तर प्रत्येक ढोलात टॉवेल कोंबलेला! बबलू म्हणतो, "भय्या, मेरे पापा भी नाईट करते हैं. चिंधी देखी तो हाथ ही नहीं चला." त्याला चिंधी शोभेची आहे हे समजावेपर्यंत पाहुणे आले.

पाहुण्यांनी माइक हातात घेतला, "भाइयो और बहनो" असं दणदणीत सुरू केलं. तोच पहिल्या रांगेतून गयाबाई उठली आणि ओठांवर बोट ठेवून त्यांच्याकडे नुसती बघत राहिली. काय त्या बाईच्या नजरेत असतं देव जाणे. इतका मोठा माणूस, गाडीवर दिवा असता तर तोही विझला असता, त्याने खाली पाहिलं आणि पुढचं सगळं भाषण कुजबुजत केलं! विकास, चैतन्य, नवी पहाट, सगळं कानात सांगितल्यासारखं. ते कुजबुजले म्हणून साहेब कुजबुजले. साहेब कुजबुजले म्हणून मीही आभार कुजबुजतच मानले. बायकांनी दोन-दोन बोटांनी टाळ्या वाजवल्या. सबंध उद्घाटनात सगळ्यात मोठा आवाज फीत कापणाऱ्या कात्रीचा.

जाताना साहेब गाडीत बसल्यावर पुन्हा मोठ्याने बोलायला लागले. म्हणाले, "अच्युतजी, ये क्या मय्यत में बुला लिया हमको?"

६ मार्च

बबलूची सुट्टी केली. माणसावर भरवसा ठेवला हीच चूक. चौकाच्या चार खांबांवर चार स्पीकर, यंत्र लोखंडी पेटीत, पेटीला कुलूप, किल्ली माझ्या खिशात. आज सकाळी नऊला बटण दाबलं आणि मोहल्ला दणाणला. काय सांगू, अंगावर काटा आला! एकशे सव्वीस दारांपैकी निम्मी उघडली. लोक बाहेर आले, चौकाकडे बघत राहिले. लुंग्या, बनियन, लाल डोळे. ओस घरांत माणसं परतली! फोटो काढले.

११ मार्च

किरकोळ अडचणी. सगळ्याच दारांना चिंधी असल्यामुळे आता कुरिअरवाला, गॅसवाला, चादरी विकणारा, सगळे सगळ्यांच्या कड्या वाजवतात. पूर्वी म्हणे भाजीवालाही वाजवत नसे. आता तोही ओरडतो, स्पीकरच्या वर ऐकू जायला हवं म्हणून. व्यापार वाढल्याचं लक्षण. गयाबाई रोज पेटीशी येते, कुलूप ओढून पाहते, आणि जाते. मला आता 'भाऊ' म्हणत नाही.

पायलकडून कळलं की प्रेमानंद घरी झोपतच नाही. सकाळी सहाला मिलमधून सुटून सायकलने सेक्टर दहाला जातो, तिथल्या बागेत झाडाखाली आडवा होतो. दोन दिवस जमलं. काल चौकीदाराने उठवून हाकललं, म्हणे इथे दारुड्यांना झोपू देत नाही आम्ही. आज चौकालगतच्या बुद्धविहारात झोपायला गेला तर विहाराला लागूनच माझा तिसरा स्पीकर.

"बाबांनी थेंबाले हात नाई लावला कधी, सर," पायल म्हणाली. तिचा आवाज बसला होता. तीही झोपत नसावी.

माझी दुपारची झोप पण गेली. बीपी असेल. डॉक्टरला दाखवायला हवं.

१८ मार्च

पायल आज उशिरा आली. बसली नाही. उभ्यानेच सांगितलं, ते जसंच्या तसं लिहितो.

"सर, काल बाबा क्रेनवरून उतरले. हुकाले माल लटकून होता, खाली सगळे होते. बाबा म्हणतात डोळे उघडे होते माझे, पण एक मिनिट मले काही दिसलंच नाई. कुठं आहो तेच नाई समजलं. मग त्यांनी माल हळूच खाली टेकवला, ब्रेक लावला, शिडीनं उतरले, अन् फोरमनले जाऊन म्हणाले, 'मले आता वर नको चढवू, माझ्या हातून मरंल कोणीतरी.' स्वतःच सांगितलं. कोणी पकडलं नव्हतं. ठेकेदारानं दुसरा चढवला. बाबाले म्हणाला, घरी राहा, पाहू मग."

कोणाला काही झालं नाही हे नशीब, असं मी म्हटलं. तिने मान हलवली.

"नशीब नाई, सर. बाबा स्वतः खाली उतरले म्हणून नाई झालं."

मग तिने मागितलं काय, तर एवढंच: दहा दिवस नऊ ते तीन स्पीकर बंद. त्यांची झोप भरली की ते पुन्हा ठेकेदाराकडे जातील, त्यांची जागा अजून गेलेली नाही. मी साहेबांना फोन लावला. साहेब म्हणाले, "अट्ठाईस को ऊपर से टीम आ रही है, और आप बंद करने की बात कर रहे हैं?" मी जास्त ताणलं नाही. ताणलं की तुटतं. पायलला म्हटलं, माझ्या हातात नाही गं.

ती म्हणाली, "सर, किल्ली तुमच्याच खिशात आहे."

दिवसभर किल्ली खिशात टोचत होती. ड्रॉवरमध्ये टाकून दिली, तरी आहे कुठे ते माहीत आहेच की. डायरीत खोटं कशाला लिहू? मी घाबरलो. साहेबांना घाबरलो, अठ्ठावीस तारखेला घाबरलो. पण मोठं काम म्हटलं की कोणाच्या तरी पायावर पाय पडतोच, असं सगळ्याच मोठ्या लोकांचं झालं असणार.

२२ मार्च

प्रेमानंदला भेटायला गेलो. माणुसकी म्हणून. फळं नेली. खाटेवर बसला होता, हात मांडीवर ठेवून. बावीस वर्षं हँडल धरलेले हात, आता कुठे ठेवायचे ते त्यांना समजत नव्हतं. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, त्याखाली सुरक्षेच्या बक्षिसाची तीन प्रमाणपत्रं. स्पीकरवर स्वच्छतेचं गाणं लागलं होतं, त्यामुळे मला ओरडून बोलावं लागलं.

"कसे आहात?"

"ठीक हाय, साहेब."

"मनाला लावून घेऊ नका. दिवसाचं काम बघा एखादं! रात्रपाळी तशीही तब्येतीला चांगली नाही."

तो हसला. "क्रेन दिवसा पण असते, साहेब. पण माझ्यावर ज्याईचा भरवसा होता ते नाईटमध्येच हाय."

पायलने माझ्या हातात पाणी दिलं आणि आत निघून गेली. फळांची पिशवी गयाबाईने उचलली, आत पाहिलं, आणि जशी होती तशी माझ्या मांडीवर परत ठेवली. बोलली असती तर बरं झालं असतं.

२५ मार्च

पायलचा राजीनामा. कंपनीच्या छापील फॉर्मवर कारणाच्या रकान्यात एकच शब्द: 'झोप'. असं कारण ऑफिसला पाठवायचं कसं? खाली मी 'वैयक्तिक' लिहिलं. तपासणी तीन दिवसांवर आली असताना सोडून जाणं हे काही व्यावसायिक वागणं नव्हे. तिची खुर्ची कोपऱ्यात आहे, ट्यूब बांधलेली. आवाज न करता गेली, एवढं मात्र खरं.

२७ मार्च

उद्या टीम. मोजणीची चिंता होती. बाक टाकून तीन आठवडे झाले, पण नऊ ते तीन तिथे कोणी टेकत नाही. लोक बाहेर येतात ते कानात बोळे घालून भांडायला, नाहीतर गोधडी बगलेत मारून झोपायला जागा शोधत दुसरीकडे. पण आज दैवाने हात दिला. चौकात प्रेमानंद येऊन बसला. सकाळी दहापासून थेट चारपर्यंत. सरळ, हात मांडीवर, समोर बघत. मी चार वेगवेगळ्या तासांत चार वेळा मोजला. नियमात बसतं, तास बदलला की नोंद नवी.

२८ मार्च

झालं! पार पडलं. लिहायला बसलोय, पण आधी पाणी प्यायलो.

टीम साडेदहाला आली. मुख्य म्हणजे एक बाई होत्या, दिल्लीकडच्या, शांत, डोळ्यांवर चष्मा, सगळं नीट पाहणाऱ्या. फरशी पाहिली, लाल चिंध्या पाहून "कितना सुंदर" म्हणाल्या, अर्थ विचारला. मी एकतेचं प्रतीक सांगितलं. साहेब खुशीत. मग बाईंनी तेच विचारलं ज्याची मला धास्ती होती: "मोहल्ल्यातल्या कोणाशी तरी बोलायचंय. एखादा साधा कामकरी माणूस."

बाकावर एकटा प्रेमानंद होता. लांबून गयाबाई आणि पाच-सहा बायका उभ्या. दुसरा इलाज नव्हता. बाई त्याच्या शेजारी बसल्या, मी मध्ये वाकून उभा राहिलो. त्यांनी विचारलं की भाऊ, या कार्यक्रमाने तुमच्या आयुष्यात काय फरक पडला?

वाटलं, संपलं आता. हा सगळं सांगणार, हुक, माल, तेरा माणसं, किल्ली. त्याला हिंदी येतं, भिलाईत कोणाला येत नाही? सांगून टाकलं असतं तर मी काय करणार होतो? पण त्याने बाईंकडे पाहिलंच नाही. माझ्याकडे पाहिलं आणि आपल्या बोलीत, अगदी सावकाश, आवाज न चढवता बोलला.

"साहेब, आता आवाज अजून वाढवला तरी चालते. घरात झोपाले कोणी नाई राहिलं."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "क्या कह रहे हैं?"

मी म्हटलं, "मॅडम, कह रहे हैं, आवाज़ और बढ़ाइए."

दुसरं वाक्य सांगितलं नाही. प्रेमानंदने ते ऐकलं. बाईंनी वहीत लिहून घेतलं, त्याच्या हातावर हात ठेवला आणि साहेबांना म्हणाल्या, "तो बढ़ाइए ना! इनकी इतनी-सी तो फ़रमाइश है."

साहेबांनी मला खूण केली. मी ऑफिसात जाऊन किल्ली आणली आणि पेटी उघडली. गयाबाई अगदी शेजारी येऊन उभी राहिली. मला वाटलं ओठांवर बोट ठेवील. नाही ठेवलं. नुसती बघत राहिली, मी काय करतो ते.

बटण मीच फिरवलं.